चंद्र आमच्याकडे अकरा मिनिटं आधी उगवतो, साहेब

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

पत्र लिहायचं कारण आमची आई. ६ जानेवारी २०२६ ला अंगारकी होती. आईला शुगर आहे, डॉक्टरांनी उपास करू नका असं दोनदा सांगितलंय, तरी ती अंगारकी काही सोडत नाही. त्या दिवशी मोदकांचं ताट झाकून ठेवलं, दूर्वा, तांब्याभर पाणी, नि ओट्यावर खुर्ची टाकून पूर्वेला तोंड करून बसली. आमचं घर गावाच्या कडेला आहे, ओट्यासमोर गहू, त्यापलीकडे हरभरा, मधे झाड नाही की बिल्डिंग नाही. नऊ वाजून गेले नि समोर बांधाच्या वर तांबूस चंद्र आला, वरून जरासा चेपलेला, मी म्हटलं आई चंद्र निघाला, अर्घ्य दे नि जेवून घे. तर म्हणे, "पेपरमा आजून टाईम शे भाऊ."

म्हणजे बघा, चंद्र डोळ्यासमोर दोन बोटं वर आलेला नि माय माझी तुमच्या पेपरच्या टायमाची वाट बघत बसलेली! पेपरात छापलेली वेळ झाली तेव्हाच पाणी सोडलं. मी घड्याळ लावून बघितलं, अकरा मिनिटं. तिला चक्कर वगैरे आली नाही, पण मला राग आला, नि तो तिच्यावर काढून उपयोग नव्हता म्हणून तुम्हाला लिहितोय.

तुम्ही छापता ती वेळ मुंबईची असते. पृथ्वी एका तासात १५ अंश फिरते, म्हणजे एका अंशाला चार मिनिटं. मुंबई ७३ रेखांशाच्या जरा अलीकडे आणि आमचं अमळनेर ७५ च्या जरा पुढे, इथेच नऊएक मिनिटांचा फरक पडला. वर आपण मुंबईच्या दोन अंश उत्तरेला, नि त्या रात्री चंद्र आकाशात उत्तरेकडे कललेला होता, असा असला की उत्तरेच्या गावांत तो अजून मिनिट-दोन मिनिटं लवकर दिसतो. जळगाव, भुसावळ, रावेरला फरक जास्त, धुळ्याला थोडा कमी, नंदुरबारला अजून कमी. तुमची आवृत्ती खान्देशची, जाहिराती खान्देशच्या, निधन वार्ता खान्देशच्या, मग चंद्रच तेवढा मुंबईचा का? सूर्योदय-सूर्यास्ताचंही तेच, पण सूर्य उगवायची वाट बघत उपाशी कोणी बसत नाही म्हणून ते सोडून देतो.

आता मला चंद्राचं एवढं काय पडलंय म्हणाल तर शेतीची लाईट. एक आठवडा दिवसा नि एक आठवडा रात्री, सध्या आमची रात्रीची पाळी. रात्री मोटर चालू करून गव्हात पाणी भरत उभं राहायचं, थंडी अशी की बोटं वाकत नाहीत, बिबट्याच्या बातम्या तुम्हीच छापता, अशा वेळी चांदणं आहे की नाही हा आमच्यासाठी कवितेचा विषय नसतो. पौर्णिमेला चंद्र दिवस मावळताच येतो नि रात्रभर सोबत करतो. मग रोज सरासरी पन्नास मिनिटं उशिरा, चौथ-पंचमीपर्यंत सुरुवातीचे दोन-तीन तास बॅटरीवर काढावे लागतात, अष्टमीला मध्यरात्र, नि अमावस्येच्या आसपास पूर्ण रात्र डोळ्यात बोट घातलं तरी दिसत नाही. आमचे वडील पंचांग बघत नव्हते, आज चंद्र कुठवर आलाय ते बघून सांगायचे की अमुक वाफा भरेपर्यंत उजेड पडेल, नि पडायचा.

दुसरी तक्रार सुपरमूनची. ३ जानेवारीला पौर्णिमा होती, त्याच्या दुसऱ्या दिवशी पेपरात टेकडीएवढा चंद्र नि वर हेडिंग महाचंद्र. आमच्या ग्रुपवर तोच फोटो पन्नास वेळा फॉरवर्ड झाला, पोरं गच्चीवर गेली नि खाली येऊन म्हणाली, रोजच्यासारखाच तर आहे. पोरं खरं बोलली. तो फोटो लांबच्या लेन्सने काढलेला असतो, दूरची टेकडी जवळ ओढली की मागचा चंद्र तिच्याएवढा दिसतो, डोळ्याला तसा कधीच दिसत नाही.

खरं काय आहे ते सांगतो. चंद्राची वाट गोल नाही, थोडी लांबट आहे. सरासरी अंतर ३ लाख ८४ हजार ४०० किलोमीटर, पण फार जवळ येतो तेव्हा ३ लाख ५६-५७ हजार नि फार लांब जातो तेव्हा ४ लाख ६ हजार. म्हणजे पन्नास हजाराच्या आसपास फरक, चार पृथ्व्या ओळीने ठेवल्या तर जवळपास तेवढी जागा. ऐकायला खूप वाटतं. पण खिशातून एक रुपयाचं नि दोन रुपयाचं नवं नाणं काढून शेजारी ठेवा, दोनचं नाणं चौदा-पंधरा टक्के रुंद असतं, वर्षातला सगळ्यात मोठा नि सगळ्यात लहान चंद्र यांच्यात तेवढाच फरक. आता रुपया आज दाखवला नि दोन रुपये सहा महिन्यांनी, तेही अडीच मीटर लांबून, तर कोण ओळखेल? उजेड मात्र जास्त असतो, लहानपेक्षा ३० टक्क्यांपर्यंत, नि तो पाणी भरणाऱ्याला कळतो. ५ नोव्हेंबरच्या त्रिपुरी पौर्णिमेला चंद्र २०२५ मधला सगळ्यात जवळचा होता, ३ लाख ५७ हजारांच्या आतच. त्या रात्री मला स्टार्टरवरचे अक्षर बॅटरीशिवाय वाचता आले, देवाशप्पथ. ४ डिसेंबरला दत्तजयंती, तो पण जवळजवळ तेवढाच जवळ. आम्ही सारंगखेड्याच्या यात्रेत होतो, तापीच्या बाजूने घोडे बांधलेले, पांढऱ्या घोड्यांच्या पाठी चांदण्यात चकाकत होत्या, तिथे कोणाला सुपरमून हा शब्द माहीत नव्हता तरी सगळे म्हणत होते आज उजेड लई शे. हा शब्द तसाही खगोलशास्त्रज्ञांचा नाही, १९७९ मध्ये एका अमेरिकन ज्योतिष्याने काढलेला आहे, तो आपण विज्ञानाच्या पानावर छापतो याची मला गंमत वाटते.

उगवताना मोठा दिसतो त्याचा तर अंतराशी काहीच संबंध नाही, तो मेंदूचा खेळ. हरभऱ्याचा एक दाणा घ्या, हात सरळ लांब करा नि उगवत्या चंद्रावर धरा, झाकला जातो. मग मध्यरात्री डोक्यावर आला की तोच दाणा परत धरा, तेवढाच झाकला जातो. उलट डोक्यावरचा चंद्र आपल्याला पाच-सहा हजार किलोमीटर जवळ असतो, कारण उगवताना मधे पृथ्वीची अर्धी जाडी येते. हे मी आईला करून दाखवलं, तर तिने दाणा खाऊन टाकला.

मग दर पौर्णिमेला चंद्र जवळच का नसतो, हा प्रश्न माझ्या पुतण्याने विचारला नि तो बरोबर होता. चंद्र जवळच्या टोकापासून निघून परत तिथे साडेसत्तावीस दिवसांत येतो, पण पौर्णिमेपासून पौर्णिमा साडेएकोणतीस दिवसांची. दोघांचे टाईम जुळत नाहीत, दर महिन्याला दोन दिवस सरकतात, नि परत जुळायला साधारण ४१२ दिवस लागतात. म्हणून ५ नोव्हेंबरनंतरची तशी जवळची पौर्णिमा यावर्षी २४ डिसेंबरला आहे, मोजून बघा. आणि सगळ्यात लहान पौर्णिमेचा चंद्र ३१ मे ला, ४ लाख ६ हजार किलोमीटरवर. तो नेमका अधिक ज्येष्ठात येतोय. यंदा १७ मे ते १५ जून धोंड्याचा महिना, कारण चंद्राचे बारा महिने ३५४ दिवसांत संपतात, सूर्याला ३६५ लागतात, ही अकरा-अकरा दिवसांची उधारी साठत गेली की अडीच-पावणेतीन वर्षांनी एक महिना जास्तीचा घालून हिशेब मिटवतात. उधारी चंद्राची नि फेडायची सासऱ्याने, जावई धोंडे खायला येणार! माझे दोन जावई आहेत, म्हणून लक्षात राहतं.

ग्रहणाचं पण असंच. दर पौर्णिमेला ग्रहण का नाही, तर ठिबकच्या नळीची दोन कडी करा, एकात एक घाला नि एक पाच अंशांनी तिरकं धरा. चंद्राची वाट अशी तिरकी आहे, त्यामुळे बहुतेक पौर्णिमांना तो पृथ्वीच्या सावलीच्या वरून नाहीतर खालून निघून जातो. दोन कडी जिथे एकमेकांना छेदतात ते राहू नि केतू. राक्षस वगैरे काही नाही, नुसते छेदबिंदू, नि ते पण सरकत असतात, म्हणून ग्रहणं दरवर्षी दहा-वीस दिवस आधी येतात. मागच्या वर्षी १४ मार्चला धुळवडीला चंद्रग्रहण होतं, आपल्याकडे दुपार होती म्हणून दिसलं नाही. यंदा ३ मार्चला, परत धुळवडीलाच.

७ सप्टेंबर २०२५ चं मात्र मी पूर्ण बघितलं. ढग येत-जात होते. रात्री ९.५७ ला खालच्या डाव्या अंगाने चंद्र खायला सुरुवात झाली, ११ वाजता पूर्ण गेला तो सव्वाबाराच्या पुढेपर्यंत, ८२ मिनिटं, रंग जुन्या तांब्याच्या घंगाळासारखा. पृथ्वीच्या कडेच्या हवेतून वाकून जो उजेड जातो त्यातला निळा हवेत विखुरला जातो नि लाल तेवढा उरतो, तो चंद्रावर पडतो. १.२६ ला सुटला तेव्हा गावात मी नि कुत्री जागी.

ते डाव्या अंगाने का, म्हणजे पूर्वेकडून का, हे आपल्या खान्देशाने आठशे वर्षांपूर्वी शिकवलंय. चाळीसगावजवळच्या पाटणला, पाटणादेवीच्या त्या डोंगरात, भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचा सिद्धांतशिरोमणी शिकवण्यासाठी मठ काढला. तिथल्या शिलालेखात मठाला दान दिल्याची नोंद आहे नि दान कधी दिलं तर श्रावण पौर्णिमेला, चंद्रग्रहणाच्या वेळी, हे साल साधारण १२०७. शेवटच्या ओळी तर जुन्या मराठीत आहेत, बाजारातून मठाला काय काय द्यायचं त्या. भास्कराचार्यांनी त्याच ग्रंथातल्या गोलाध्यायात लिहिलंय की चंद्राचं ग्रहण पूर्वेच्या बाजूने लागतं नि सूर्याचं पश्चिमेच्या, मग दोघांना झाकणारा एकच कसा असेल? चंद्राला झाकते ती पृथ्वीची सावली, सूर्याला झाकतो तो चंद्र. हे ११५० चं पुस्तक. आणि २०२६ मध्ये आमच्या ग्रुपवर येतं की ग्रहणात चिरलेली भाजी विषारी होते. आम्ही पाटणला जातो ते देवीला नारळ फोडायला नि धबधबा बघायला, मी पण तसाच, शिलालेखाचं मला चाळिशीनंतर कळलं.

सूर्यग्रहणं यंदा दोन, १७ फेब्रुवारीला कंकणाकृती, अंटार्क्टिकात, नि १२ ऑगस्टला खग्रास, ग्रीनलंड, आइसलंड, स्पेनकडे. चंद्र जवळ असला तर सूर्य पूर्ण झाकतो, लांब असला तर कडेने बांगडी उरते, एवढाच फरक. आपल्याकडे दोन्ही दिसणार नाहीत, त्यामुळे पाळायचं काय याच्यावर अर्धं पान घालवू नका. २८ ऑगस्टला नारळी पौर्णिमेचं खंडग्रास चंद्रग्रहण पण नाही, तेव्हा आपल्याकडे सकाळ असेल, बहिणींना बिनधास्त राखी बांधू द्या. (२२ जुलै २००९ चं खग्रास सुरतेवरून इंदूर-भोपाळकडे गेलं होतं, आम्हाला ढगांमुळे सूर्य दिसला नाही पण सकाळी साडेसहाला दिवेलागण झाल्यासारखं अंधारून आलं नि गायी हंबरायला लागल्या.)

राहिलं ३ मार्चचं. खग्रास भाग साडेचार ते साडेपाच, तेव्हा चंद्र आपल्या क्षितिजाखाली. आपल्याकडे साडेसहाच्या पुढे पाच-सात मिनिटांनी उगवेल तो ग्रहण लागलेलाच, ग्रस्तोदित, एका कडेला काळसर घास, नि ६.४७ ला सावली सुटेल. आपल्या हातात दहा मिनिटं, पूर्वेला मोकळं शिवार पाहिजे. मुंबईत तो उगवेपर्यंत ग्रहण जवळजवळ संपलेलं असेल. म्हणजे तुम्ही मुंबईची वेळ छापली तर खान्देशचा वाचक बाहेर येईल तेव्हा बघायला काही उरलेलंच नसेल.

म्हणून विनंती एवढीच की पान दोनवर राशिभविष्याच्या शेजारी एक छोटी चौकट करा, जळगाव, धुळे, नंदुरबार, तिघांचा चंद्रोदय, चंद्रास्त नि त्या दिवशीचं चंद्राचं अंतर. गणित अवघड नाही, फुकटच्या ॲपमध्ये गावाचं नाव टाकलं की निघतं. जागा नसेल तर माझी रास कमी करा, मला चालेल.

पुढची अंगारकी ५ मे ला आहे. मोबाईलमधली वेळ मी आईला दाखवली होती, पण मोबाईलवर तिचा भरवसा नाही, पेपरवर आहे.

आपला,
एक वाचक, ता. अमळनेर