चवथीला घरी येण्याआधी

डिचोली

चि. बाबू यास,
अनेक आशीर्वाद.

तुझा फोन आला तेव्हा आई शेजारीच होती, म्हणून नुसते हं-हं केले. तू विचारलेस ते नीट लिहूनच सांगतो. हेरॉईन सोडल्यावर अंगाचा त्रास आठ-दहा दिवसांत गेला, मग इतक्या महिन्यांनी साहेबाने चार माणसांत पाणउतारा केला आणि एकाएकी तलफ का यावी? ‘मीच मुळात नेभळट’ हे तुझे उत्तर. जन्मभर जीवशास्त्र शिकवलेल्या तुझ्या बापाला ते पटत नाही.

उपचाराचे पहिले दिवस आठव. अंगावर काटा, घाम, छातीत धडधड, जुलाब, रात्रभर तळमळ. मेंदूच्या खोडात लोकस सेरुलियस नावाचा पेशींचा एवढासा पुंजका आहे. धोक्याची चाहूल लागली की तो नॉरअॅड्रिनलिन हे अंगाला सावध करणारे रसायन सोडतो. हेरॉईन त्याला दाबून ठेवते. रोजच दाब पडू लागला की त्या पेशी आतून जोर वाढवत जातात, आणि पुडी बंद झाली की तो सगळा जोर एकदम उसळतो. डॉक्टरांनी क्लोनिडिन लिहून दिले तेव्हा काकी म्हणाली होती, ‘अरे, ही तर प्रेशरची गोळी!’ बरोबरच बोलली ती. औषध रक्तदाबाचेच, पण या पुंजक्यालाही शांत करते.

हा पहिला भर ओसरतो. त्यानंतर जे उरते त्याबद्दल आपल्याकडे कोणी बोलत नाही. मेंदूत खोलवर, अमिग्डला या भीती ओळखणाऱ्या गाठीत आणि तिच्या आसपासच्या भागात, ताणाच्या वेळी सीआरएफ नावाचे रसायन काम करते. वायली वेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये ते मेंढ्यांच्या मेंदूतून वेगळे केले. नशा सुटताना अमिग्डलात ते वाढते, आणि शरीर सावरल्यावरही ही यंत्रणा बराच काळ चिडकी राहते. साहेबाचे बोलणे दुसरा कोणी संध्याकाळपर्यंत विसरेल, तुझ्या डोक्यात ते जिवावर बेतल्यागत वाजते. त्यावर उतारा म्हणून मेंदूने एकच गोष्ट घोकलेली आहे. भरीस भर म्हणजे, ‘थांब’ म्हणणारा कपाळामागचा प्रीफ्रंटल भाग ताणाखाली ढिला पडतो. ‘मनाचा निग्रह कर’ असे सांगणाऱ्यांचा मला राग येतो तो यासाठी. ज्याने निग्रह करायचा तोच नेमका त्या वेळी रजेवर!

१९९५ मध्ये यावीन शहाम आणि जेन स्ट्युअर्ट यांनी उंदरांवर केलेला प्रयोग तुला सांगायलाच हवा. खटका दाबला की हेरॉईन, अशी त्यांना सवय लावली. मग हेरॉईन बंद केले. उंदीर दाबून दाबून कंटाळले आणि खटक्याचा नाद त्यांनी सोडला. नंतर पायांना थोडा वेळ विजेचे झटके दिले, तर ते पुन्हा खटक्याकडे धावले. हेरॉईनचा थेंबही मिळालेला नसताना! पुढच्या प्रयोगांत मेंदूतले सीआरएफ अडवले तेव्हा हे धावणे कमी झाले. आता त्या उंदरांना नेभळट म्हणशील?

मग सीआरएफ अडवणारी गोळी माणसांना का देत नाहीत, हे तू विचारणारच. दारूच्या व्यसनावर तशी औषधे तपासून झाली, तलफेवर फरक पडला नाही. म्हणजे हाताशी आहे ते साधेच. झोप चुकवायची नाही, उपाशी राहायचे नाही, आणि तलफ आवरणारी जिभेखालची ब्युप्रेनॉर्फिनची गोळी ‘आता बरा आहे’ म्हणून आपल्या मनाने बंद करायची नाही. डोके तापले की आधी त्या जागेवरून उठायचे आणि मला फोन करायचा. तलफ आली हे सांगायला लाजू नकोस. रात्री दोन वाजले असले तरी चालेल, मी कुठे शाळेत जायचा आहे आता!

एक गोष्ट कठोर आहे, पण लिहितोच. पाय घसरलाच, तर जुने माप घेऊ नकोस. इतके दिवस बंद असल्यावर शरीराची सहनशक्ती उतरलेली असते. पूर्वी जेवढे पचायचे तेवढ्यानेच आता श्वास थांबू शकतो. एकटा राहू नकोस, कोणाला तरी सांग, आणि लपवण्यात वेळ न घालवता बांबोळीचे सरकारी हॉस्पिटल गाठ. ओरडणार कोणी नाही.

आता गणेश चवथीचे. मोठ्या घरात सगळे जमणार, आणि ‘नोकरी टिकवणार ना रे?’ हे कोणीतरी खतखत्याचा घास घेता घेता विचारणारच. आईला तू पाचही दिवस हवा आहेस. माझे मत वेगळे. आदल्या दिवशी ये, माझ्याबरोबर गणपतीवरची रानफळांची माटोळी बांध. कांगले, माट्टी, आंबाडे, सुपारीची शिपटी मी आणून ठेवतो. पूजा, आरती, जेवण झाले की आपण दोघे आपल्या घरी झोपायला येऊ. काकांशी मी बोललो आहे. नेवऱ्यांचा डबा मिळेल, काळजी नको.

म्हापशात उतरू नकोस, तिथली ती मंडळी आणि तो नाका आत्ताच नको. मी स्कूटर घेऊन पणजीच्या बस स्टँडवर येतो. तुझी सुट्टी किती वाजता होते ते कळव, आणि गोळ्या मोजून पिशवीत आधी टाक.

तुझे
बाबा