काकूंची तिथी

पुणे, 2 जानेवारी 2026

प्रिय शुभे,

आठ महिन्यांत तुला एक ओळ लिहिली नाही, त्याबद्दल आधी पोटभर शिव्या घाल. मी बरी आहे, पाठदुखी चालूच. पण काकूंचं वर्षश्राद्ध माझ्याकडून चुकलं गं, आणि हे तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

रिमाइंड, तो आठवण करून देणारा प्रोग्राम, त्याची फाइल तूच लावून दिली होतीस ना, कॉम्प्युटरवर टर्मिनल उघडलं की दिवसाची कामं समोर. काकू दत्तजयंतीला गेल्या, त्या रात्री मी तिच्यात ओळ टाकली: 14 डिसेंबर, दोन दिवस आधीपासून सांग. गेल्या महिन्यात 12 तारखेला ती बिनचूक आली. रविवारी निशिगंधाचा हार घेऊन गेले. ताईंनी दार उघडलं, हाराकडे बघितलं आणि म्हणाल्या, “अगं, दत्तजयंती 4 तारखेला झाली.” रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. भिंतीवरच्या कालनिर्णयात 4 च्या चौकोनात निळ्या पेनाने ‘आई’ लिहिलेलं, खाली दुधाच्या खाड्याची फुली. चहा घशाखाली उतरेना.

तिथी मागेपुढे होते हे मला कळत नव्हतं का? पण दवाखान्याच्या कागदावर तारीख होती, तीच उतरवली.

त्या रात्री दुरुस्तीला बसले. रिमाइंडमध्ये मूनडेट आहे, पौर्णिमा काढून देतं. डिसेंबरची विचारली, तर उत्तर 5! चंद्र पुरता भरला तो क्षण 5 च्या पहाटे पावणेपाचचा, आपली पौर्णिमा मात्र 4 ला सकाळीच लागलेली. 2024 ची विचारली, तर 15 म्हणालं. काकू गेल्या 14 ला, दिवेलागणीला. शिवाय अधिक महिना त्याला कोण सांगणार? यंदा 17 मेपासून अधिक ज्येष्ठ, म्हणून दत्तजयंती थेट 23 डिसेंबरला.

माझ्या लाल डायरीवरून किती भांडलीस तू! “साध्या मजकुराची फाइल दगा देत नाही.” खरंच देत नाही गं, मी लिहिलं तेच तिने सांगितलं. एकादशी तिला कळत नसेल, पण तुझ्यासारखी दुपारी वडापाव खाऊन मोडत तरी नाही.

आता दर वर्षी नवं कालनिर्णय आलं की तिथ्या हाताने उतरवायच्या, सालासकट. 23 डिसेंबर 2026 ची ओळ टाकलीय, सात दिवस आधीपासून. तुझ्या फाइलमध्येही 14 च आहे का? आजच उघडून बघ. आणि चंद्र-सूर्यातलं अंतर दर 12 अंशांनी वाढलं की एक तिथी, हे त्यात बसवता येईल का? सूर्योदय त्याला काढता येतो. गणित तुझं, मला दुसऱ्या कुणाचा भरवसा नाही.

नवी नोकरी कशी आहे? रोहनची दहावी ना यंदा? त्याला आशीर्वाद.

ताईंना फोन कर. तुला आठवण होती का, असं त्या विचारत होत्या. मी हो म्हणून आले आहे.

तुझी,
माधवी