कुंभमेळ्यात नुसते टॉवर वाढवून भागणार नाही

संपादक साहेब, नमस्कार.

गंगेला, म्हणजे आमच्या गोदावरीला, पूर आला की पाणी घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर कुठपर्यंत चढलं हे बघितल्याशिवाय आम्हा पंचवटीकरांना चैन पडत नाही. मागच्या पावसाळ्यात घरात आम्ही चौघं तोच एक व्हिडिओ लावून बसलो होतो आणि चारही मोबाईलवर नुसतं गोल फिरत होतं, शेवटी शेजारचे काका घाटावर जाऊन आले आणि म्हणाले कमरेपर्यंत आलंय.

मी नेटवर्कच्या कामात आहे म्हणून हे जास्त टोचतं. एका टॉवरखाली हजार जणांनी तोच व्हिडिओ उघडला तर तो बहुतेक वेळा लांबच्या सर्व्हरवरून हजार वेळा ओढला जातो आणि टॉवरच्या मागची लाईन तुंबते. त्याची एक कॉपी टॉवरजवळच ठेवली, म्हणजे कॅश केली, की तो भार गेला. नेटफ्लिक्स २०१२ पासून हेच करतंय, त्यांचे बॉक्स इंटरनेट कंपन्यांकडे ठेवलेले असतात आणि उद्या काय बघितलं जाईल याचा अंदाज घेऊन कमी गर्दीच्या वेळेत ते भरले जातात. आपला मिसळवाला रविवारची गर्दी ओळखून शनिवारी जास्त मटकी भिजत घालतो ना, अगदी तसंच.

पण टॉवरजवळ जागा थोडी, मग ठेवायचं काय? जुना नियम म्हणजे बरेच दिवस कुणी मागितलं नाही ते काढून टाका. मशीन लर्निंगमध्ये मात्र मॉडेल, म्हणजे आधीच्या माहितीवरून स्वतः शिकणारा प्रोग्राम, वेळ, जागा, आधीची मागणी बघून पुढच्या तासाला काय लागेल ते शिकतो. सिडकोतली मागणी वेगळी, कॉलेज रोडची वेगळी. आणि २०२७ च्या सिंहस्थात तर रामकुंडावर सगळा देश येणार, तिथे नाशिककरांच्या सवयींवर शिकलेलं मॉडेल काही कामाचं नाही, त्याला तासातासाला नव्याने शिकावं लागेल. लोकांची माहिती गोळा होईल ही भीती मलाही वाटते, पण फेडरेटेड लर्निंगमध्ये मूळ डेटा मोबाईलमध्येच राहतो, फक्त शिकलेले आकडे बाहेर जातात, तीच पद्धत वापरायला लावली पाहिजे.

याने सगळं सुटेल असं नाही. मोबाईल ते टॉवर हा हवेतला रस्ता तेवढाच राहतो, त्याला जादा टॉवर लागणारच. शिवाय आता बहुतेक व्हिडिओ एन्क्रिप्टेड, म्हणजे कुलूप लावल्यासारखे, असतात, त्यामुळे टॉवरला आत काय आहे ते कळत नाही, व्हिडिओवाल्या कंपन्या सोबत आल्याशिवाय हे जमत नाही.

म्हणून प्रशासनाने मोबाईल कंपन्या आणि या व्हिडिओवाल्यांना आत्ताच एकत्र बसवावं. घाटांचे नकाशे, पार्किंग, हरवलेल्या माणसांचे फोटो, पुराच्या सूचना हे तर आधीच टॉवरजवळ भरून ठेवता येईल, त्याला मॉडेलचीही गरज नाही. आणि बाकीच्याची चाचणी नवरात्रात वणीच्या गडावर घ्या, गर्दी तिथे आयतीच मिळते.

– एक वाचक, पंचवटी, नाशिक