‘मलाच दम लागलाय’ म्हणणाऱ्या फिजिओथेरपिस्ट मॅडमना

मॅडम,

तुमचा नंबर माझ्याकडे नाही. परवा आईला तपासणीला आणलं तेव्हा दुसऱ्या मजल्यावर तुमच्या खोलीत डोकावलो, तर खुर्चीवर दुसरीच मुलगी. तुम्ही नोकरी सोडली एवढंच तिला माहीत, कुठे गेलात ते नाही. म्हणून हे पत्र असं चारचौघांत लिहितोय. तुमच्यापर्यंत पोचलं तर बरंच.

आई आठवते का? पाटणकडची, पदर तोंडाला लावून बसायची. उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या भागात कॅन्सरची गाठ आणि त्याआधीपासूनचं सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या आकसून कायमची धाप लागणारा आजार.

तुमच्याकडे येईपर्यंत आमचं वर्ष वाया गेलं होतं. एक्स-रेत डाग दिसला म्हणून एका डॉक्टरांनी टीबी ठरवून टाकला. थुंकीत काही सापडलं नव्हतं, तरी सहा महिने गोळ्या. लघवी केशरी व्हायची, जेवण जात नव्हतं, डाग मात्र जागचा हलेना. उलट वाढला. सुई घालून तुकडा काढला तेव्हा कॅन्सर निघाला. मग एका मोठ्या दवाखान्यात गेलो. तिथल्या साहेबांनी फुंकरीचा रिपोर्ट, म्हणजे जोरात फुंकायला लावून फुफ्फुसाची ताकद मोजतात तो, पाहिला, निरोगी माणसाच्या 48 टक्के असं वाचलं आणि म्हणाले, “अशा फुफ्फुसाला कुणी हात लावत नाही. घरी न्या, सेवा करा.” आई समोरच बसली होती. तिच्याकडे एकदाही बघितलं नाही. बघितलं ते “बिडी ओढत असणार, बायका सांगत नाहीत” हे म्हणताना. आईने जन्मात बिडी हातात धरलेली नाही. बाहेर आल्यावर ती आधी कॅन्सरबद्दल नाही बोलली. म्हणाली, “मला बिडीवाली म्हणला त्यो.”

तुमच्या सर्जन साहेबांनी तोच 48 चा आकडा घेतला, पण फाइल मिटली नाही. कागद ओढून माझ्यासमोर गणित मांडलं. दोन्ही फुफ्फुसांचे मिळून 19 छोटे कप्पे धरायचे, वरचा भाग काढला की त्यातले 3 जाणार, 16 राहणार. म्हणजे 48 चे साधारण 40 उरतात. 40 च्या खाली गेलं की धोका बराच वाढतो, आई बरोबर उंबऱ्यावर उभी आहे, म्हणाले. “चार आठवडे फिजिओकडे पाठवतो, मग चालायची तपासणी करू आणि ठरवू.” त्यांचे आभार मी समक्ष मानले आहेत. हे पत्र तुमच्यासाठी आहे.

पहिल्याच दिवशी तुम्ही विचारलंत, “मावशी, चूल किती वर्षं?” वर्षभरात किती डॉक्टर झाले, कुणी हे विचारलं नव्हतं. सोळाव्या वर्षी लग्न, तेव्हापासून 45 वर्षं. उज्ज्वलाचं सिलिंडर घरात आलं, पण भाकरी आणि अंघोळीचं पाणी चुलीवरच राहिलं. पावसाळ्यात सरपण ओलं असलं की निम्मी सकाळ फुंकण्यात जायची. हे ऐकून तुम्ही म्हणालात, “मग तुम्हाला शिकवायचं काय राहिलंय? नाकानं श्वास घ्या आणि ओठांचा चंबू करून फुंकणीत फुंकता तसा सोडा. फक्त हळू. विस्तव नुसता फुलवायचाय, राख उडवायची नाही.” आईला एका फटक्यात जमलं. ज्या फुंकणीने छातीची वाट लावली तीच कामाला लावलीत तुम्ही. पंप कसा ओढायचा हेही तेव्हाच कळलं. दोन वर्षं ती पंप तोंडाला लावून ओढायच्या ऐवजी फुंकत होती आणि औषध हवेत जात होतं. पंप लिहून देणाऱ्याला एकदा घेऊन दाखवा म्हणावंसं वाटलं नव्हतं!

पण मी रात्री शिफ्टवरून येताना बसमध्ये ज्याची आठवण काढतो तो जिना आहे.

आईला थांबणं ठाऊक नाही. दोन हंडे घेऊन ओढ्यावरून चढ चढलेली बाई, चारचौघांत जिन्यावर थांबायची तिला लाज वाटायची. ओठ निळे पडले तरी चढायची. मी “आई, थांब की” म्हणालो की आणखी जोरात. तिसऱ्या दिवशी पहिल्या वळणावर तुम्हीच कठडा धरून वाकलात. “मावशी, थांबा हो जरा. मलाच दम लागलाय. सकाळपासून पोटात काही नाही.” आई जागच्या जागी थांबली. तुमच्या पाठीवरून हात फिरवायला लागली, “पोरी, खाऊन येत जा की गं.” मी खालच्या पायरीवर उभा होतो म्हणून मला दिसलं. तुमचं डोकं खाली होतं, पण डोळा आईच्या बोटातल्या ऑक्सिमीटरवर होता. 87. मग 89. 92 झाल्यावर तुम्ही सरळ झालात आणि म्हणालात, “हां, आता बरं वाटतंय.”

दुसऱ्या दिवशी आईने तुमच्यासाठी फडक्यात भाकरी आणि लसणाची चटणी बांधून आणली. तुम्ही नको म्हणाला नाहीत. त्याच वळणावर पायरीवर बसून अर्धी भाकरी खाल्लीत आणि तेवढ्या वेळात आईची धाप बसली. चार आठवडे संपेपर्यंत हेच. रोज त्या वळणावर तुम्हाला दम लागायचा.

शिक्षण, मशिनं, डिग्र्या सगळं लागतंच, मी नाही म्हणत नाही. पण समोरच्या माणसाला कमीपणा वाटू न देता मदत करायची, हे कुठल्या कॉलेजात शिकवतात कुणास ठाऊक. आमच्या कंपनीत नवीन पोराच्या हातून जॉब बिघडला की मी सगळ्यांसमोर ओरडायचो. आता बाजूला घेतो. हे तुमच्यामुळे, आईच्या फुफ्फुसाशी याचा काही संबंध नसला तरी.

ऑपरेशन झालं. गाठ निघाली, आजूबाजूच्या लसिका गाठींत कॅन्सर सापडला नाही. छातीत घातलेल्या नळीच्या बाटलीत नऊ दिवस बुडबुडे येत राहिले. अशा फुफ्फुसात हवेची गळती लवकर बंद होत नाही हे तुम्ही आधीच सांगून ठेवलं होतं, म्हणून आम्ही घाबरलो नाही. श्वास ओढून प्लास्टिकच्या गोळ्या वर उचलायच्या त्या तीन गोळ्यांच्या यंत्रात आधी एक गोळी उठायची, घरी जाताना दोन उठत होत्या. तिसरी अजून उठलेली नाही. आई म्हणते, “ऱ्हाऊ दे ती बसलेली.”

पाच महिने झाले. चढाला धाप लागते, सपाटीला चालते. भाकरी आता गॅसवर.

मागच्या आठवड्यात मी तिला सहज म्हणालो, त्या मॅडमना बिचाऱ्यांना रोज दम लागायचा. ती हसली. “मला काय कळत न्हवतं व्हय? घोड्यासारखी पोरगी ती, अर्ध्या जिन्यात तिला धाप लागंल?”

“मग तू थांबायचीस कशाला?”

“एवढं सोंग केलं तिनं माझ्यापायी. मोडायचं कशाला?”

यंदा तिने बसल्या बसल्या नाचणीचे पापड लाटले, तुमच्यासाठी एक डबा वेगळा काढला. तो परवा दवाखान्यात नेला होता, तसाच परत आणला. आता भोसरीला माझ्या खोलीवर फ्रिजवर ठेवलाय. कुठे आहात ते पावसाळ्याच्या आत कळवा, नाहीतर पापड सादळतील.