ग्रॅम्बलिंगचा उल्लेख हवा

महोदय,

व्यावसायिक अमेरिकन फुटबॉलचा अंतिम सामना असलेल्या सुपर बोलच्या बातम्या आपल्याकडेही छापून येतात, पण अमेरिकेच्या लुइझियाना राज्यातल्या ग्रॅम्बलिंग स्टेट विद्यापीठाबद्दल त्यांत क्वचितच काही असते. गोऱ्यांच्या महाविद्यालयांची दारे बंद असताना कृष्णवर्णीय शेतकऱ्यांच्या पुढाकाराने १९०१ मध्ये ही संस्था शाळा म्हणून सुरू झाली. एडी रॉबिन्सन १९४१ ते १९९७ या काळात तिथे अमेरिकन फुटबॉलचे प्रशिक्षक होते. त्यांच्या नावावर तब्बल ४०८ विजय! १९४२ च्या हंगामात तर प्रतिस्पर्ध्यांना एकही गुण मिळवता आला नाही. कृष्णवर्णीय क्वार्टरबॅकवर (संघाचे आक्रमण चालवणाऱ्या खेळाडूवर) विश्वास टाकायला व्यावसायिक संघ कचरत असत. त्याच जागेवर खेळून रॉबिन्सन यांचा शिष्य डग विल्यम्स याने जानेवारी १९८८ मध्ये सुपर बोल जिंकला आणि सामनावीरही ठरला. अशा संस्थांवर क्रीडा पानात सविस्तर लिहावे, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, सातारा