फ्रीझर बंद करायला सांगणारे मोकळेच

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या अंकातली साखळी दुकानांवरच्या छाप्यांची बातमी वाचली. बातमी चांगली होती, पण शेवटच्या ओळीने डोके फिरवले. ‘संबंधित शाखेतील दोषी कर्मचाऱ्याला कामावरून कमी करण्यात आल्याचे कंपनीने कळवले आहे.’ दोषी कोण, हे कोणी ठरवले? कंपनीनेच ना? आणि आपल्या बातमीदाराने ते तसेच लिहून घेतले, उलट एक प्रश्नही केला नाही, याचे वाईट वाटले.

मी गोव्यातल्या फोंड्यात अनेक वर्षे दूधकेंद्र चालवले आहे. दही, पनीर, आईस्क्रीम थंड ठेवायला काय काय करावे लागते ते मला ठाऊक आहे. पावसाळ्यात वादळ झाले की लाईट जायची, कधी कधी रात्रभर यायची नाही. म्हणून मी डीप फ्रीझरमध्ये वाटीभर पाणी गोठवून त्या बर्फावर एक नाणे ठेवत असे. सकाळी नाणे वरच असले तर माल शाबूत. नाणे बर्फाच्या पोटात गेलेले दिसले, की रात्री सगळे वितळून पुन्हा गोठले आहे हे कळायचे. तो माल विकायचा नाही, हा माझा नियम होता. नुकसान माझ्याच खिशातून जायचे, पण आसपासची पोरे माझ्या केंद्रातले दूध पिऊन शाळेत जायची.

आता आमच्याकडच्या हमरस्त्यावरच्या एका साखळी दुकानाचे ऐका. सुनेने तिथून गोठवलेल्या मटारचा पुडा आणला. असा पुडा हलवला की दाणे सुटे वाजले पाहिजेत. आमचा पुडा म्हणजे सबंध एक दगड, आणि आत कडेकडेने बर्फाचे खडे. मी तो घेऊन दुकानात गेलो. काउंटरवरच्या मुलाने वाद न घालता दुसरा दिला, तोही तसाच. शेवटी तो हळूच म्हणाला, ‘‘काका, रात्री शटर ओढताना आम्ही मेन स्विच पाडतो. लाईटबिल जास्त येतंय म्हणून वरून सांगितलंय. सगळ्याच शाखांना.’’

मी तापमानाची नोंदवही मागितली. त्याने बिचाऱ्याने लगेच काढून दिली. सकाळ, दुपार, रात्र, प्रत्येक रकान्यात उणे १८. एकाच पेनने, एकाच हाताने, एका बैठकीत लिहिलेले. उद्याचा रकाना भरलेला, परवाचा भरलेला, महिनाअखेरपर्यंत सगळे उणे १८! हे काय म्हणून विचारले तर म्हणाला, वही रिकामी दिसली तर पगार कापतात. पुढे केव्हातरी गेलो तेव्हा काउंटरवर दुसराच मुलगा होता. मेन स्विच पाडायला सांगणारे वरचे लोक मात्र आपल्या जागेवरच असणार.

लोकांना वाटते, पुन्हा गोठले म्हणजे झाले. तसे नसते. गोठल्याने जंतू मरत नाहीत, नुसते थांबतात, आणि वितळले की पुन्हा वाढू लागतात. मटार निदान शिजवून तरी खातात. याच दुकानांतली अंड्याची, चिकनची मेयोनीज लावलेली सँडविचेस पोरे ट्यूशनवरून येताना तशीच उभ्या उभ्या खातात. ती ५ अंशांच्या खाली राहायला हवीत. रात्रभर फ्रीज बंद राहिला आणि सकाळी माल पुन्हा गार लागला, तर गिऱ्हाइकाला काय कळणार? वर तारीख तर पुढची असते. मायक्रोवेव्हमध्ये गरम करून दिले तरी धोका टळत नाही. काही जंतूंनी सोडलेले विष एकदा तयार झाले की उष्णतेने जात नाही.

कायदा काय म्हणतो तेही पाहा. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ चे कलम ६६ कंपन्यांसाठी आहे. कंपनीच्या अनेक शाखा असतील तर प्रत्येक शाखेसाठी एक जबाबदार माणूस नेमायची मुभा तिथे आहे, आणि त्या शाखेत काही घडले तर तो नेमलेला माणूस अडकतो. कंपन्या नेमका याचाच फायदा घेतात. शाखेतल्या एखाद्या पोराचे नाव फॉर्मवर घातले की मुख्य कार्यालय निर्धास्त. पण त्याच कलमात पुढे असेही आहे, की संचालकाच्या किंवा व्यवस्थापकाच्या संमतीने अथवा दुर्लक्षामुळे गुन्हा घडला असेल तर तोही दोषी धरला जातो. स्विच पाडायचा हुकूम वरून आलेला असेल तर याहून उघड संमती कोणती हवी? हे पोटकलम वापरा, एवढीच अन्न व औषध प्रशासनाला माझी कळकळीची विनंती आहे.

परवाना प्रत्येक दुकानाचा वेगळा असतो म्हणून तपासणीही दुकान-दुकान सुटी होते. फोंड्यातल्या शाखेत सापडले तर फोंड्यातल्या शाखेला नोटीस. हुकूम एकाच टेबलावरून सगळीकडे गेलेला असताना त्याच दिवशी पर्वरी, म्हापसा, मडगावच्या शाखा का उघडून पाहत नाहीत? तपासणी भरदुपारी होते, तेव्हा फ्रीझर चालूच असणार. पहाटे, शटर वर जायच्या वेळी जा. लशींच्या फ्रीजमध्ये तापमान आपोआप टिपणारे यंत्र बसवतात, तसे या दुकानांत सक्तीचे करा. त्यात उद्याचा आकडा आज भरता येत नाही.

हे गोव्यात जमणार नाही असे कोणी सांगू नये. जुलै २०१८ मध्ये मासळी टिकवायला फॉर्मेलिन हे रसायन लावतात म्हणून गोंधळ झाला तेव्हा मडगावच्या घाऊक मासळी बाजारात पहाटे अधिकारी उभे राहिले, बाहेरची मासळी बंद केली, पुढे मासळीच्या गाड्या इन्सुलेटेडच हव्यात अशी सक्ती झाली. लोक चिडले म्हणून ते झाले. मासळीसाठी आपण चिडतो, मग पोरांच्या सँडविचसाठी का चिडत नाही?

आणखी एक गोष्ट मला खुपते, आणि ती आपल्या दैनिकाबद्दल आहे. कालच्याच पानावर म्हापशातल्या एका गाडेवाल्याची बातमी होती. त्याचे नाव, गाड्याचे नाव, जागा आणि वर फोटो. शेजारच्या बातमीत मात्र ‘एका नामांकित साखळीची शाखा’. त्या गाडेवाल्याचा धंदा दुसऱ्याच दिवशी बसला असेल. त्याच्याकडून खाणारे शेपन्नास, साखळीकडून घेणारा निम्मा गोवा. कोणाचे नाव कळणे जास्त गरजेचे होते? जाहिरातींमुळे असे होते, असा आरोप मी करत नाही. पण वाचक तसे बोलतात आणि मला त्यांना उत्तर देता येत नाही.

पुढच्या छाप्याची बातमी येईल तेव्हा दोघांचीही नावे छापा. तपास पूर्ण व्हायचा असेल तर दोघांचीही राखून ठेवा. आणि कंपनीने कर्मचाऱ्याला काढल्याचे कळवले, तर रात्री फ्रीझर बंद ठेवायला कोणी सांगितले होते, हा प्रश्न त्यांना विचारून त्यांचे उत्तर बातमीतच द्या.

आपला,
एक निवृत्त दूधकेंद्रचालक, फोंडा