बटण दोन, थीम एक: भुसावळच्या ताईंना आभाराचं पत्र

प्रिय ताई,
स. न. वि. वि.

आमच्या कोडमध्ये तुम्ही केलेल्या मदतीबद्दल फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "ते राहू द्या, बिल्ड झाला का ते सांगा" म्हणून विषयच बदलता. म्हणून आता लिहूनच, आणि तेही चारचौघांसमोर. जळगाव-धुळ्यात बसून वेब-मोबाइलचं काम करणारी बरीच पोरं आहेत. त्यांनाही यातलं काही कामी येईल.

आमचं काम तसं सरळ. रावेर-यावलकडच्या केळी व्यापाऱ्यांच्या ऑफिसात वेब पॅनल, शेतकऱ्याच्या हातात मोबाइल अ‍ॅप. कापणीची तारीख, घड किती, वजन किती, क्विंटलला भाव काय, पैसे कधी. वेबला रिअ‍ॅक्ट, मोबाइलला रिअ‍ॅक्ट नेटिव्ह, आणि दोन्हीकडे स्टाइल्ड-कंपोनंट्स. पहिल्या दोन म्हणजे स्क्रीन बनवायच्या लायब्ररी (तयार कोडचे संच), तिसरी त्यांना रंगरूप देणारी; कंपोनंट म्हणजे बटणासारखा पुन्हापुन्हा वापरायचा तुकडा. हा कोड आमच्या हातात आला तेव्हा स्क्रीनगणिक बटण वेगळं होतं, आणि हिरव्या रंगाच्या छटा मोजायचं आम्ही सोडून दिलं होतं.

सगळ्यांचं म्हणणं एकच: असं एक बटण बनवू की जे वेबवरही चालेल आणि मोबाइलवरही. तुम्ही म्हणालात, "बटणं दोन राहू द्या, थीम एक करा." तेव्हा ते उलटं वाटलं होतं. पण वेबच्या बटणाला माउस वर आल्यावर बदलायचं असतं, टॅबनं फोकस घ्यायचा असतं, एंटर दाबल्यावर चालायचं असतं. मोबाइलवर बोट लागलं की काम. शिवाय रिअ‍ॅक्ट नेटिव्हमध्ये वरच्या डब्याला दिलेला अक्षरांचा रंग आतल्या मजकुरापर्यंत झिरपतच नाही, आणि फ्लेक्सची, म्हणजे घटक मांडायची, दिशा मुळातच उभी. हे सगळं एका फाइलमध्ये कोंबायचं तर ओळीओळीला जर-तर आलं असतं. तुम्ही रंग, अंतरं, अक्षरांचे आकार, कोपऱ्यांची गोलाई एका साध्या ऑब्जेक्टमध्ये, म्हणजे नावांच्या आणि मूल्यांच्या यादीत, काढलीत (हीच थीम) आणि दोन्ही बटणांना प्रॉप्सची, म्हणजे बाहेरून द्यायच्या सेटिंग्जची, नावं सारखी दिलीत. आता वेबवर काम करणारा पोरगा मोबाइलची स्क्रीन न अडखळता लिहितो.

बटणाला रंग देणारा प्रॉप ठेवायचाच नाही, यावर तर आपलं चांगलंच वाजलं. मुख्य, दुय्यम आणि धोक्याचं, एवढे तीनच व्हेरियंट. बाहेरचं मार्जिनही काढून टाकलंत. बटणानं स्वतःपुरतं बघायचं, शेजाऱ्यापासून किती लांब बसायचं ते त्याला मांडणारा ठरवेल. कोणी चौथा रंग मागितला की तुमचा ठरलेला प्रश्न: "तो कशासाठी आहे ते सांगा, मग नाव देऊ." त्यामुळे थीममध्ये 'हिरवा-५००' असलं काही उरलं नाही. 'पैसे-जमा', 'पैसे-बाकी' अशी नावं आली. मे महिन्यात ४५ अंशांच्या उन्हात, बागेत उभ्या असलेल्या शेतकऱ्यानं "काहीच दिसत नई रे भो" म्हटलं, तेव्हा हे पटलं. 'पैसे-बाकी'चा करडा रंग पांढऱ्यावर ४.५ ला १ या किमान कॉन्ट्रास्टमध्ये (अक्षर आणि पार्श्वभूमीच्या उजेडातला फरक) बसत नव्हता. थीममधली एक ओळ बदलली, दोन्हीकडच्या सगळ्या स्क्रीन सुधारल्या. बटणाची उंचीही तेव्हाच ४८ केली, चिखलाच्या हातानं दाबता यावं म्हणून.

सगळ्यात जास्त आठवण लाइन-हाइटची, म्हणजे ओळीच्या उंचीची. इंग्रजी डिझाइनमधून आलेला १.२ चा आकडा मराठीला पुरत नव्हता. 'पूर्ण' लिहिलं की वरचा रफार नाहीतर खालचा ऊकार कापला जायचा. तुम्ही तो १.६ केलात. वेबवर लगेच छान दिसलं. मोबाइलला तीच थीम जोडली तर सगळ्या ओळी एकमेकींवर चढलेल्या! वेबवर १.६ म्हणजे अक्षराच्या आकाराच्या १.६ पट, आणि रिअ‍ॅक्ट नेटिव्ह त्या आकड्याला थेट उंचीच समजतं. म्हणजे दीड-पावणेदोन पॉइंटची ओळ. तुम्ही थीमला हात लावला नाहीत. मोबाइलच्या मजकुराच्या कंपोनंटमध्ये आकार गुणिले पट एवढं केलंत: १६ गुणिले १.६, पूर्णांकात २६. जाता जाता मराठी मजकुराचं लेटर-स्पेसिंगही (अक्षरांमधलं जादा अंतर) शून्य केलंत, कारण अक्षरं एकमेकांपासून लांब झाली की शिरोरेषा तुटते. ही दोन कामं एका कंपोनंटमध्ये झाली आणि त्यानंतर कुठल्याही स्क्रीनला त्याबद्दल विचार करावा लागला नाही.

वजनाच्या रकान्याचा घोळही तुम्हीच पकडलात. वेब पॅनलवर एक आकडा टाइप केला की कर्सर बाहेर. व्यापाऱ्याकडचे दिवाणजी प्रत्येक आकड्याला परत क्लिक करत होते, आणि वर 'कॉम्प्युटर असाच असतो' म्हणून गप्प होते, हे विशेष. मिळालेल्या कोडमध्ये स्टाइल्ड इनपुट, म्हणजे तो रकाना, स्क्रीनच्या फंक्शनच्या आत तयार केलेला होता, त्यामुळे दर वेळी रिअ‍ॅक्टला तो नवाच वाटायचा आणि जुना काढून टाकायचा. ब्राउझरच्या कन्सोलमध्ये (इशारे दिसतात त्या खिडकीत) लायब्ररी तसा इशाराही देत होती. दोन ओळी फंक्शनच्या बाहेर काढल्या, विषय संपला.

२०२५ च्या मार्चमध्ये स्टाइल्ड-कंपोनंट्स यापुढे देखभालीपुरतीच राहणार असं जाहीर झालं, तेव्हा आमच्याकडे धावपळ उडाली. २०१६ पासूनची लायब्ररी, तिच्यावर सगळं उभं. रिअ‍ॅक्टचे सर्व्हर कंपोनंट्स (सर्व्हरवरच चालणारे) आले आणि तिथे ही पद्धत नीट बसत नव्हती, हे एक कारण. तुम्ही शांतपणे विचारलंत, "थीम लायब्ररीच्या आत आहे की बाहेर?" बाहेर होती. स्क्रीन लिहिणाऱ्याला फक्त आमची कंपोनंट्स माहीत, त्यांच्या पोटात काय आहे ते नाही. त्यामुळे घाई केली नाही. उद्या बदलायचंच झालं तर कंपोनंट्सचं एक फोल्डर बदलेल.

पैशाचं विचारलं तेव्हा "मी भुसावळची आहे, तिथलं काम आहे" एवढंच बोललात. पुण्यातली नोकरी सांभाळून, रात्री जेवणं झाल्यावर कॉलवर बसत होतात, हे आमच्या टीममधला एकही जण विसरलेला नाही. मनापासून आभार.

आता कपाशीच्या खरेदीचं अ‍ॅप त्याच कंपोनंट्सवर सुरू केलंय. थीमची फाइल नवी, बाकी जवळपास सगळं तेच. तारीख निवडायचं कंपोनंट मात्र अजून जमत नाही. वेब आणि मोबाइलची प्रॉप्सची नावं जुळत नाहीयेत. पुल रिक्वेस्ट (तपासायला पाठवलेला कोडमधला बदल) टाकून ठेवली आहे, सवडीनं बघा. आणि हिवाळ्यात घरी याल तेव्हा आधी कळवा, भरिताची वांगी आम्ही आणतो.

तुमचा,
जळगावच्या टीममधला एक